थांबा म्हणणारे मुळेकाका

अनंतराव मुळे यांच्या निधनाची बातमी आमच्या दैनिकात आतल्या पानावर आली. महसूल खात्यातील निवृत्त अव्वल कारकून, उस्मानपुऱ्यातील रहिवासी, पश्चात दोन मुली, जावई, नातवंडे. बातमीत चूक काही नव्हती. मात्र ज्या कामामुळे एके काळी निम्मे शहर त्यांना आवाजावरून ओळखत होते, त्या कामाचा उल्लेख नव्हता. तो करू नये, असे त्यांच्या थोरल्या मुलीनेच फोनवर सांगितले होते. ‘‘ते टीव्हीचं नका लिहू,’’ ती म्हणाली. ‘‘बाबांना आवडणार नाही.’’

ते टीव्हीचे म्हणजे ‘चढती पायरी’. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. घरोघरी केबल पोहोचली होती आणि केबलवाल्यांनी आपापल्या स्थानिक वाहिन्या काढल्या होत्या. त्यांवर वाढदिवसाच्या शुभेच्छा चालत, कोणत्या भागात नळाला पाणी कधी सुटणार याची पट्टी खालून सरकत राही आणि रविवारी सायंकाळी ही स्पर्धा लागे. एका मंगल कार्यालयात सकाळी तिचे चित्रीकरण होई. पहिल्या बरोबर उत्तराला स्टीलच्या डब्यांचा संच, दुसऱ्याला मिक्सर, तिसऱ्याला पाण्याची मोठी टाकी आणि चौथ्याला शहराबाहेर मिटमिट्याच्या पुढे प्रायोजक बिल्डरच्या नव्या लेआउटमध्ये प्लॉट, अशा पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीवर पुढचा प्रश्न आधी ऐकवायचा आणि मग विचारायचे, थांबता की पुढं? थांबणाऱ्याने हातातले घेऊन घरी जायचे. पुढे जाऊन चुकला तर सगळे जाई आणि मसाल्याचे एक पाकीट मिळे.

विचारणारे मुळेकाका होते. आमचे दैनिक स्पर्धेचे सहप्रायोजक असल्यामुळे उत्तरांची बंद पाकिटे सांभाळायला एक माणूस मंचावर बसवायचे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. मी काकांच्याच गल्लीत भाड्याने राहत होतो. त्यामुळे मंचावरचे आणि ओट्यावरचे, असे दोन्ही मुळेकाका मला पाहता आले.

उंच, वाळके शरीर, फिक्या रंगाचा सफारी, चष्म्याला दोरी. आवाज भरदार. खुलताबाद तहसिलीत असताना लिलावाच्या नोटिसा चावडीसमोर वाचून तो तयार झाला होता. निवृत्तीनंतर गणेश मंडळे त्यांना सूत्रसंचालनाला बोलवत. तिथून केबलवाल्याने त्यांना उचलले. मानधन ते घेत नसत. चित्रीकरण संपल्यावर चहा मात्र त्यांना लगेच लागे आणि तो बशीत ओतून प्यायचा असे.

त्यांची एक सवय गल्लीत सगळ्यांना माहीत होती. ते प्रत्येक गोष्ट हंड्यांत मोजत. कुणाकडे पाहुणे आले की पाहुणा किती हंड्यांचा आहे, ते सांगत. आंघोळ थोडक्यात उरकणारा, कपडे धुवायला न टाकणारा पाहुणा एका हंड्याचा. पुण्याहून येऊन दोनदा आंघोळ करणारा धाकटा जावई चार हंड्यांचा. लग्नाचे आमंत्रण आले की मुलाची नोकरी विचारण्याआधी ते मुलाच्या घरचा नळ विचारत. स्वतः त्यांनी उस्मानपुऱ्यातले घर घेतले तेही नळ पाहून. खोल्या अंधाऱ्या होत्या, जिना अरुंद होता, पण गल्लीच्या तोंडाशी असल्याने त्या नळाला धार चांगली येई. बाकीच्या घरांत नळ फुरफुरत असे तेव्हा काकांच्या अंगणात बादली भरलेली असे.

‘‘यांच्यासमोर सोन्याची लंका ठेवा,’’ काकू म्हणत, ‘‘आधी विचारतील, यात हंडे किती मावतात?’’

काकू हे हसत म्हणत, पण त्यामागे राग होता. महसूल कर्मचाऱ्यांच्या सोसायटीने प्लॉट पाडले तेव्हा काकांनी नाव दिले नव्हते. सहकाऱ्यांनी घेतले, बंगले बांधले. काकूंच्या मैत्रिणी तिकडे राहायला गेल्या. जमीन हा विषय निघाला की काका बहात्तर सालच्या दुष्काळात जात. तेव्हा ते नोकरीत नुकतेच लागले होते आणि खडी फोडण्याच्या कामावर हजेरी घेत होते. मजुरांच्या रांगेत एक पाटील रोज तोंडावरून उपरणे ओढून बसे. त्याची जमीन नजर पोहोचणार नाही एवढी होती. काकांनी नाव पुकारले की तो हात वर करी, आवाज देत नसे. काका त्याचे नाव कधी सांगत नसत. ‘‘जमीन होती की त्याच्याकडं,’’ एवढेच म्हणत. ‘‘चाटायची का जमीन?’’

हा माणूस ‘थांबता की पुढं’ विचारायला बसवला, तेव्हा लागोपाठचे पावसाळे कोरडे गेले होते. नळ आठवड्याने येई, कधी त्याहूनही उशिरा. मंचावर डाव्या बाजूला ती टाकी ठेवलेली असे, काळी, गुळगुळीत, माणसाएवढी उंच. मध्यंतरात बायका उठून तिच्यापाशी जात, बोटांनी वाजवून पाहत, झाकण फिरवून आत डोकावत. उजव्या बाजूला प्लॉटचा फलक होता. त्यावर बंगला, नारळाची झाडे आणि निळ्या पाण्याचे कारंजे रंगवलेले होते. काका पहिल्याच दिवशी ते पाहून मला म्हणाले, ‘‘चित्रात पाणी लई सोडलंय बिल्डर शेठनं.’’

सुरुवातीला ते कुणाला काही सुचवत नसत. प्रश्न वाचत, प्रश्नाइतकेच सरळ विचारत आणि स्पर्धकाकडे न बघता चष्मा पुसत बसत. यात बदल झाला तो छावणीतल्या एका निवृत्त हवालदारामुळे. हवालदार टाकीपर्यंत आला होता. चौथा प्रश्न ऐकून त्याला उत्तर येत नाही, हे सभागृहाला दिसत होते. तरी तो ताठ उभा राहिला. ‘‘मुळेसाब, आपण मागं फिरत नसतो,’’ तो म्हणाला आणि ठोकून उत्तर दिले. ते चुकले. त्याने मसाल्याचे पाकीट घेतले, टाकीला सलाम केला आणि लोक हसले. त्यालाही हसू आले.

बाहेर मात्र त्याची बायको हातगाडीवाल्याला घेऊन उभी होती. नवरा तिसऱ्या पायरीवर पोहोचला हे कळताच तिने आतून उठून जाऊन गाडी ठरवली होती, दोर मागून आणला होता. रिकामी गाडी परत पाठवायला शेवटी काकाच गेले. परत आले तेव्हा चहा निवला होता. तो त्यांनी तसाच ठेवला. ‘‘बाई काही बोललीच नाही,’’ ते म्हणाले. ‘‘दोराची गुंडाळी करत बसली.’’

त्याच आठवड्यात त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवले आणि प्लॉट पाहायला नेले. छावणी मागे पडली, पडेगाव गेले, मिटमिट्याच्या पुढे डावीकडे कच्चा रस्ता लागला. मुरमाड उतार होता. चुन्याने आखलेल्या चौकोनांत वाळलेले गवत होते. एक राखणदार पत्र्याच्या सावलीत बसला होता. पिण्याचे पाणी त्याला शहरातून ड्रममधून येत होते. बोअर घेतले होते, पण धुरळाच निघाला, असे त्याने सांगितले. काकांनी बोअरच्या तोंडावरचा दगड सरकवला, एक खडा आत टाकला आणि कान लावून वाकून राहिले. मग गुडघे झटकून उठले. परतीच्या वाटेवर ते एवढेच बोलले की, असल्या ठिकाणासाठी माणूस हातची टाकी घालवत असेल तर त्याला अडवणे हे आपले काम आहे.

पुढच्या रविवारपासून ते अडवू लागले. थांबता की पुढं, असे विचारण्याआधी ते आता दुसरेच विचारत. नळ कधी येतो? घरात माणसं किती? पाणी भरतं कोण? बाई असेल तर पाणी किती लांबून आणता, असेही विचारत. या प्रश्नांची उत्तरे देता देता स्पर्धकाचे डोळे टाकीकडे वळत आणि तो थांबे. एका प्राध्यापकाने तक्रार केली की, प्रश्नमंजूषेत नळाचा काय संबंध? काका माइकवरच म्हणाले, ‘‘तुमच्याकडं विहीर दिसते.’’ सभागृह हसले आणि प्राध्यापक थांबले.

लागोपाठच्या भागांत कुणीच चौथ्या पायरीवर जाईना, तेव्हा दैनिकाकडे वाचकांची पत्रे येऊ लागली. निवेदक बिल्डरचा माणूस आहे, प्लॉट वाचवायला लोकांना घाबरवतो, असा त्यांचा सूर होता. काकांनी ती माझ्याकडून मागून घेऊन वाचली.

प्रत्यक्षात बिल्डर त्यांच्यावर चिडला होता. त्याला एक विजेता हवा होता, किल्ली हातात घेतलेला, हार घातलेला, ज्याचा फोटो जाहिरातीत छापता येईल असा. एका रविवारी तो स्वतः आला. सगळे त्याला शेठ म्हणत. पांढरे कपडे घातलेला, हळू बोलणारा माणूस होता. त्याने काकांना बाजूला घेतले. मी पाकिटे मोजत तिथेच होतो.

‘‘मुळेसाहेब, एखादा जाऊ द्या की वर,’’ तो म्हणाला. ‘‘तुम्ही थांबवता अन् शिव्या मी खातो. लोक म्हणतात शेठची नियत खराब आहे.’’

‘‘पाणी दाखवा. मी स्वतः ढकलतो लोकांना पुढं.’’

‘‘साहेब, लोक पाणी बघून प्लॉट घेत नसतात. रस्ता बघून घेतात.’’

काकांना हे इतके हास्यास्पद वाटले की पुढे कित्येक महिने ते ओट्यावर बसून हे वाक्य शेठच्या आवाजात म्हणून दाखवत. काकूही हसत. रस्ता काय पिणार आहेत का, असे कुणीतरी म्हणे आणि चहा येई.

अशा दिवसांत मीरा मंचावर आली.

मीरा वाघ काकांच्या शेजारच्या घरात मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होती. माहेर कन्नड तालुक्यातले, सासरी कोरडवाहू थोडी शेती. नवरा रंगनाथ वाळूजला एका कारखान्यात कंत्राटावर होता. ती स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी मेस चालवत होती. मेसला पाणी लागते आणि तिच्या घरमालकाच्या नळाला धार नव्हती. पाणी सुटले की काका आपल्या नळाला पाइप लावून तो भिंतीवरून तिच्या पिंपांत सोडत. स्वतःचा हौद नंतर भरत. याचा त्यांना अभिमान होता. ‘‘आधी पोरांचा स्वयंपाक,’’ ते म्हणत. मीरा उलट कधीतरी काकूंना गरम भाकरी आणून देई, पापड लाटायला येई, आजारपणात रात्रीचा डबा पाठवी. हिशेब कुणी ठेवला नव्हता.

स्पर्धेत नाव तिने काकांना न सांगता दिले होते. तिला मंचावर पाहून काका क्षणभर गडबडले. मग माइकवर म्हणाले की या आमच्या शेजारी, म्हणून यांना जास्त अवघड प्रश्न विचारतो. डबे तिने जिंकले, मिक्सर जिंकला, टाकी जिंकली. उत्तरे देताना ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती, पण आवाज स्थिर होता. मेसमधली मुले जेवताना एकमेकांना प्रश्न विचारत. वाढता वाढता तिने ते ऐकलेले होते.

चौथा प्रश्न कन्नडच्या घाटाचा निघाला. कन्नडहून चाळीसगावला उतरणाऱ्या घाटाचे दुसरे नाव काय? मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. प्रश्न संपायच्या आत तिच्या चेहऱ्यावर जे आले ते हसू होते. ती त्या घाटाने लहानपणापासून ये-जा करत होती.

सभागृहात रंगनाथ उभा राहिला. ‘‘मीरा, खेळ,’’ तो म्हणाला. ‘‘तुला येतंय.’’

नियमाप्रमाणे आता काकांनी विचारायचे होते. त्यांनी विचारले नाही. नळ कधी येतो, हेही विचारले नाही, कारण ते त्यांना माहीत होते. त्यांनी माइक खाली केला आणि घरात बोलावे तसे म्हणाले, ‘‘मीरा, थांब. जमीन पळून जात नसते. पाणी आज पाहिजे.’’

तिने एकदा रंगनाथकडे पाहिले. मग काकांकडे पाहिले. टाकीकडे तिने पाहिले नाही. हे मला नंतर आठवले. तेव्हा त्यात काही विशेष वाटले नव्हते.

‘‘थांबते,’’ ती म्हणाली.

थांबलेल्या स्पर्धकाला त्याचे उत्तर विचारायची पद्धत होती. काकांनी विचारले. तिने माइककडे तोंड न नेता सांगितले, ‘‘औट्रम घाट.’’ मी पाकीट फोडून वाचले. तेच होते. सभागृहातून एक लांब आवाज आला. काकांनी तो संपू दिला आणि भरदार आवाजात जाहीर केले की टाकी मीराबाईंची. टाळ्या वाजल्या. रंगनाथ तोवर बाहेर गेला होता.

यानंतर शेठने प्रायोजकत्व काढून घेतले आणि थोड्याच दिवसांत ‘चढती पायरी’ बंद पडली. प्लॉट कुणालाच मिळाला नाही.

त्या उन्हाळ्यात काकांचे म्हणणे खरे ठरल्यासारखे दिसले. उस्मानपुऱ्यातल्या मेस एकामागून एक बंद झाल्या. मीराची चालू राहिली. काका टँकर मागवत, अर्धा तिच्या टाकीत उतरवत. नव्या मुलांनी रांग लावली. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला मागच्या अंगणात नेऊन टाकी दाखवत आणि मीरा थांबली कशी, हे सांगत. त्यांच्या सांगण्यात मीरा विचार करून थांबली होती. ‘‘बाई शहाणी,’’ ते म्हणत. ‘‘नवरा म्हणत होता खेळ. तिनं पाण्याचा विचार केला.’’ मीरा चुलीपाशी असेल तर हे तिला ऐकू जाई. ती भाकरी थापत राही.

शहर त्यानंतर ज्या वेगाने वाढले, त्याच्या बातम्या मीच लिहिल्या आहेत. खुलताबादकडे जाणारा रस्ता रुंद झाला. पडेगाव शहरात जमा झाले, मग मिटमिटाही. चुन्याच्या चौकोनांवर आधी कुंपणे आली, मग घरे, मग इमारती. पुन्हा दुष्काळ आला तेव्हा मला वाटले होते की आता तरी तिकडचे भाव पडतील. पडले नाहीत. त्याच वर्षी ते सर्वांत चढे होते आणि तसे मी छापले. बातमी वाचून काका माझ्याकडे आले. त्यांना वाटत होते की तिकडे जलवाहिनी पोहोचली असणार आणि ते छापायचे मी विसरलो.

जलवाहिनी पोहोचली नव्हती. त्यांचा विश्वास बसेना. ते रिक्षा करून स्वतः जाऊन आले. इमारतींपुढे टँकरची रांग होती, हे त्यांनी मला सांगितले. गच्च्यांवर टाक्याच टाक्या होत्या आणि त्या सगळ्या विकतच्या पाण्याने भरत होत्या. ‘‘पाणी नाही तिथं,’’ ते म्हणाले. ‘‘अजूनही नाही. मग माणसं का राहतात?’’ प्रश्न त्यांनी मला विचारला होता. उत्तर काकूंनी दिले.

‘‘रस्ता बघून,’’ त्या म्हणाल्या. ‘‘शेठ सांगत होता तेव्हा हसत बसलात तुम्ही. आम्हीही हसलो तुमच्यामागं.’’

पाण्यापुढे जमीन जिंकली, याचे त्यांना इतके वाटले नसते. पाणी आले आणि म्हणून जमिनीला किंमत आली, असे झाले असते तर ते त्यांनी मान्य केले असते. पण पाण्यावाचूनच किंमत आली. बहात्तर सालापासून ज्या एका मापाने ते माणसे, घरे, सोयरिकी मोजत आले होते, ते माप शहराने वापरणेच सोडले होते. यानंतर मी त्यांना हंडा हा शब्द उच्चारताना ऐकले नाही. काकू गेल्या तेव्हा भेटायला आलेल्यांना ते पाणी आणून देत आणि ग्लासाकडे पाहत बसत.

रंगनाथने त्यांच्याशी बोलणे केव्हाच सोडले होते. एकदाच, चहाच्या टपरीवर चारजणांत, काका समोर दिसताच तो म्हणाला, ‘‘काका, गिऱ्हाईक बघा एखादं. टाकी विकून प्लॉट येतो का, बघतो.’’ लोक हसले. काकांनी अर्धा चहा टाकून दिला.

मीरा मात्र पूर्वीसारखीच वागत होती. काकू गेल्यावर तिने काकांचा डबा सुरू केला. रोज स्वतः आणून देई, झाकण उघडून भाजी दाखवी. पाणी सुटले की पाइप भिंतीवरून जाई. प्लॉटचा विषय तिने कधी काढला नाही. ती एकदा भांडली असती तर बरे झाले असते, असे काका मला म्हणाले. रंगनाथ बोलतो ते समजते. हिचे काय?

मग तिच्या घरमालकाने जागा अपार्टमेंटसाठी दिली. भाडेकरूंना खोल्या सोडायला सांगण्यात आले. उस्मानपुऱ्यात मेसला परवडेल अशी दुसरी जागा मिळेना. शेवटी ती मिळाली मिटमिट्याच्या पुढे, त्याच लेआउटमध्ये, दोन खोल्या आणि पुढे पत्रा, भाड्याने. निघताना मीरा काकांच्या पाया पडली. येत जा काका, म्हणाली. टेम्पो गेल्यावर काका बराच वेळ फाटकात उभे होते.

काही महिन्यांनी त्यांनी मला तिकडे नेण्याची विनंती केली. एवढ्या वर्षांत त्यांनी मला विनंती अशी कधी केली नव्हती, कामे सांगितली होती. दुपारची वेळ होती. मुले जेवून गेली होती. मीराने खुर्ची पुसून दिली, रंगनाथ कामावर आहे म्हणाली आणि पुन्हा परातीपुढे बसली, कारण रात्रीच्या भाकरी तिला आताच करून ठेवायच्या होत्या. तिचे केस पांढरे झाले होते. काका जेवायला नको म्हणाले. पाणीही त्यांनी नको म्हटले.

‘‘मीरा, एक विचारायचंय,’’ ते म्हणाले. ‘‘त्या दिवशी तू थांबलीस. माझं पटलं म्हणून थांबलीस ना?’’

‘‘आता कशाला काढता काका ते. झालं की लई दिवस.’’

‘‘तरी सांग.’’

तिने तव्यावरची भाकरी उलटली. ‘‘नाय पटलं,’’ ती म्हणाली. ‘‘मला उत्तर येत व्हतं.’’

‘‘मग थांबलीस कशाला?’’

‘‘तुमच्या नळावर पाणी भरत व्हते ना मी. एवढ्या लोकांत तुम्ही थांब म्हणला. तुमचं मोडून पुढं गेले असते अन् हरले असते, तर दुसऱ्या दिवशी कोणत्या तोंडानं पिंप लावलं असतं? अन् जिंकले असते तरी कोणत्या तोंडानं?’’

काका पुढे वाकले. ‘‘मी तुला पाण्यावरून कधी बोललो का? एकदा तरी?’’

‘‘कधीच नाय,’’ मीरा म्हणाली. ‘‘कधी बोलला असता तर भांडून दुसरीकडं भरलं असतं.’’

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने पुढचा गोळा घेतला. काका खुर्चीत मागे टेकले. थोड्या वेळाने ते उठले, मीराने फडक्यात बांधून दिलेल्या भाकरी त्यांनी घेतल्या आणि माझ्या गाडीवर मागे बसले. छावणीच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मागून आवाज आला की प्लंबर कुणी ओळखीचा आहे का.

मी त्यांना प्लंबरचा नंबर दिला. कशासाठी, ते मला गल्लीत कळले. काकांनी आपला नळ अंगणातून काढून भिंतीच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला बसवून घेतला होता. त्यांच्या हौदाला आत एक बारीक फाटा ठेवला होता, त्याला धार जेमतेम येत होती. शेजाऱ्यांनी वेडेपणा म्हटले. पालिकेचा माणूस येऊन असे करता येत नाही म्हणून सांगून गेला. मुलींनी पुण्याहून फोन केले. काकांनी कुणालाच कारण सांगितले नाही.

त्यांना मी शेवटचे पाहिले ते पाणी सुटण्याच्या एका सकाळी. कामावर निघालो होतो. त्यांचे दार बंद होते. भिंतीबाहेरच्या नळावर एक तरुण बाई कळशी लावून उभी होती. समोरच्या इमारतीत नुकतीच राहायला आलेली असावी. तिने घराकडे पाहिले नाही, दोन कळशा भरल्या आणि गेली. खिडकीच्या गजांमागे काका उभे होते आणि ती जाईपर्यंत तिच्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा निवांत होता.

तिच्या मागे गल्लीतली एक जुनी बाई आली. तिने पिंपाला पाइप लावला आणि नेहमीच्या सवयीने मान वर करून हाक दिली, ‘‘काका, भरू का?’’

काकांनी खिडकी लावून घेतली.